तो खेळतोय तोपर्यंत

त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं, तर वाचणारे त्याच्या धावा आठवत बसतील, आणि मला धावांबद्दल काही सांगायचं नाही. तो परदेशी संघाचा सलामीचा फलंदाज होता. पप्पा कॉलेजात असताना त्यांनी त्याचं नाव पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं. पुढे पप्पांना नोकरी लागली, लग्न झालं, मी झाले, मी शाळेत जाऊ लागले, तरी तो खेळतच होता.

मला क्रिकेट आवडत नव्हतं. आजही आवडत नाही. पण माझी पाच वर्षं त्याच्या गुडघ्यांवर उभी होती.

मी दहावीत असताना पारोळ्याला चुलत बहिणीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर ओसरीत टीव्ही लावलेला, पुरुषमंडळी पान खात समोर बसलेली. पप्पांचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो, सगळ्यांसमोर माझ्या लग्नाचा विषय काढत म्हणाले, "आते हिना नंबर. दहावी व्हयनी का पोऱ्या दखाले लागूत."

पप्पांना समोरासमोर नाही म्हणता येत नाही. कचेरीत नाही, घरात नाही, आणि नानांना तर नाहीच. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "नाना, हा म्हातारा निवृत्त झाला की बघू. तोपर्यंत विषय नको."

सगळे हसले. टोपीखालून त्याचे पांढरे केस दिसत होते. कुणीतरी म्हणालं, दिवाळीपर्यंत घरी बसेल. नानांनी हात पुढे केला, पप्पांनी त्यावर टाळी दिली. मी आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मला तेव्हा ते बरंच वाटलं.

दिवाळी आली, गेली. तो खेळत राहिला.

आमच्याकडे जळगावला मुंबईचा इंग्रजी पेपर दुपारी यायचा. पप्पांनी तो माझं इंग्रजी सुधारावं म्हणून लावलेला. मी दप्तर टाकायचे आणि उभ्यानेच शेवटचं पान उघडायचे. तो शून्यावर बाद झाला की मी तेवढ्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचायचे. मैत्रिणींना वाटायचं मला कुणी खेळाडू आवडतो. मी त्यांना तसं वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

गंमत नानांची झाली. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. पण तो कधी थांबतो हे बघण्यासाठी त्यांनी क्रिकेट शिकून घेतलं. मोटारीचं वाइंडिंग, बियाणं, दाढदुखी, कशाच्याही निमित्ताने ते पारोळ्याहून एसटीने यायचे, पलंगावर मांडी घालायचे आणि बशीत चहा ओतता ओतता मला हाक मारायचे.

"ओ इंग्रजीवाली, तुना म्हातारा काय म्हणस?"

मी इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत सांगायचे. नाना अहिराणीत प्रश्न विचारायचे. मला अहिराणी कळते, बोलता येत नाही, आणि त्याची मला नानांसमोर फार लाज वाटायची.

"कितला वरीसना शे तो?"

"पप्पांपेक्षा थोडा लहान."

"मंग तुना बाप तं दोन जिना चढस तं धापा टाकस! हाऊ कसा पयी ऱ्हायना?"

पप्पा आतून ओरडायचे, "ऐकू येतंय बरं का."

मी बारावी झाले, बी.एस्सी.ला गेले. एकदा त्याला खरंच संघातून काढलं. नाना दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पेढे घेऊन हजर. आईने पेढे देवापुढे ठेवले, माझ्याकडे न बघता. त्या आठवड्यात प्रॅक्टिकलला माझं लक्ष लागत नव्हतं. ब्युरेटची तोटी मी वेळेवर बंदच करू शकत नव्हते, फिकट गुलाबी व्हायला हवं ते द्रावण दरवेळी गडद. मग त्याच्या जागी घेतलेल्या तरुण मुलाचं बोट मोडलं, याला परत बोलावलं आणि याने शतक मारलं. नानांनी ती बातमी माझ्याकडून पूर्ण ऐकून घेतली. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "बोट तेनं मोडनं अन् लगीन आमनं आडकनं!"

आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले. पण मला माहीत होतं, दुसऱ्या कुणाचं बोट दरवेळी मोडणार नाही. मला पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पप्पांनाही नाही. वाटायचं, तो अजून थोडा खेळला तर सांगायची वेळच येणार नाही, सगळं आपोआप होऊन जाईल.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आधी, नाना आले ते नवा सदरा घालून. धुळ्याला देवपुरात माझ्यासाठी एक स्थळ त्यांनी बघून ठेवलं होतं. मुलगा इंजिनिअर, स्वतःचं घर. चहा झाला, पेपर आला. नानांनी नेहमीची हाक मारली.

बातमी पानाच्या खालच्या कोपऱ्यात होती. सामना संपल्यावर तो म्हणाला होता की हा आपला शेवटचा. चार ओळी. इतकी वर्षं, आणि चार ओळी. मी त्या मनात वाचल्या आणि पेपर धरलेले अंगठे घट्ट झाले. नानांना इंग्रजी येत नव्हतं. पान उलटता आलं असतं. पण उद्या सकाळी मराठी पेपरात तेच येणार होतं.

मी वाचलं.

"परत वाच," नाना म्हणाले.

परत वाचलं. नानांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि हे मला अगदी अनपेक्षित होतं. "कसाले? आत्तेच तं चांगला खेळना. आखो दोन वरीस खेळता." मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं असावं.

"आते?" ते पप्पांना म्हणाले.

पप्पा कपाकडे बघत होते. "शब्द दिलाय, नाना."

"मंग रविवारे बलाई लेऊ त्यासले?"

पप्पांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे आता बोट दाखवायला कुणी नव्हतं. मला रागही आला आणि कीवही. मी पेपरची घडी घातली, उघडली, परत घातली.

"नाना, मला पुढे शिकायचंय. पुण्याला. त्यांना बोलावू नका."

आवाज माझाच होता, पण बातम्या वाचतानाच्या आवाजाहून मोठा. आई दारात येऊन थांबली.

नाना माझ्याकडे वळले. "आतेपावत कसं बोलनी नहीं?"

"आत्तापर्यंत तो खेळत होता."

ते हसले, मग एकदम थांबले. माझ्याकडे बोट दाखवून पप्पांना म्हणाले, "तुनी आंडेर तुनापेक्षा बरी. तू पाच वरीस त्या गोराना मांगे दडना." टोपी घातली आणि गाडीची वेळ झाली नसतानाही स्टँडकडे निघाले. देवपूरच्या लोकांना काय सांगणार ते बोलले नाहीत, आणि पप्पांनी विचारलं नाही.

रविवारी आईने घर झाडून ठेवलं. मी सकाळपासून साधाच ड्रेस घालून पुस्तक उघडून बसले होते. गल्लीत रिक्षा वळली की उठायचे, आवाज पुढे गेला की बसायचे. त्या पानावर काय होतं, आज काही आठवत नाही. जेवणं झाली. ऊन भिंतीवरून उतरलं. कुणी आलं नाही.

संध्याकाळी पप्पांनी रेडिओ लावला. आपला सामना होता आणि सलामीला कुणी नवा मुलगा आला होता. पप्पा थोडा वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा कोवळा वाटतोय. वीसचा पण नसेल. बराच टिकेल हा."

"पप्पा," मी म्हणाले, "आता माझा विषय कुणावर ढकलू नका. नानांनी परत विचारलं, तर माझं नाव सांगा. मी नाही म्हणतेय, असं सांगा."

पप्पांनी रेडिओचा आवाज कमी केला. "सांगतो," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांचा हात बटणावरच राहिला.