केबल उपटणारे रावसर

रावसरांना नवं सॉफ्टवेअर दाखवायला बसवलं की ते स्क्रीनकडे बघायचेच नाहीत. सरळ टेबलाखाली वाकायचे आणि नेटवर्कची केबल उपटायचे. मग खुर्चीत टेकून, हाताची घडी घालून म्हणायचे, "आता दाखव."

चेन्नईतल्या आमच्या कंपनीत ते सगळ्यांत जुने. घर तंजावरी मराठी. शब्द माझ्या पणजीच्या वळणाचे आणि सूर पक्का तमिळ. मी नोकरीसाठी इथे आलेली सांगलीची. माझ्याशी बोलताना ते इथल्या पद्धतीनं वाक्याला मायेचा 'मा' जोडायचे, रागावतानासुद्धा. आणि रागवायचे तर रोजच.

आम्ही कारखान्यांसाठी डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर करायचो. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेससारख्या यंत्राकडून सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या, जोडणीवरून माहिती यायची आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसायची: प्रेस चालू, प्रेस बंद. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमची केबल त्यांनी उपटली, तर अख्खी विंडो थिजली. बटणं दाबली जाईनात, विंडो बंदही होईना. प्रोग्रॅममध्ये एकेक काम एकेका थ्रेडकडे असतं, आणि बटणं सांभाळणाऱ्या थ्रेडलाच मी यंत्राच्या उत्तराची वाट बघत बसवलं होतं. "दारावरच्या माणसाला पाण्याला धाडलंस मा. आता दार कोण उघडणार?" एवढं बोलून ते निघून गेले.

मी ते काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं. विंडो छान हलायला लागली. त्यांनी पुन्हा केबल उपटली आणि जोडणीचा हिरवा ठिपका हिरवाच राहिला. त्या दिवशी जे ऐकून घेतलं ते वडिलांकडूनही कधी ऐकलं नव्हतं. केबल निघाली तरी सॉकेटला ते आपोआप कळत नाही. पलीकडून काही येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून ते बसतं. म्हणून यंत्राला दर थोड्या वेळानं 'आहेस का?' विचारायचं. उत्तर आलं नाही की स्क्रीनवर लाल पट्टी: संपर्क तुटला. आणि मागे पुन्हा जोडायची खटपट चालू ठेवायची. "तुटलं तर तुटलं म्हणून सांगायचं मा. त्यात लाज कसली?"

लाज आमच्या मॅनेजरला वाटली. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला एका सुट्या भागांच्या कारखान्यात हेच सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. गिऱ्हाइकासमोर लाल पट्टी वाईट दिसते, काढून टाका, म्हणाला. रावसरांनी त्याला समजावलं, की पट्टी काढली तर संपर्क तुटल्यावरही स्क्रीन 'प्रेस बंद' म्हणत राहील, कोणीतरी साचा पुसायला हात घालेल आणि प्रेस चालू असेल. तर हा हसला. माणसाच्या हाताची गोष्ट चाललीय आणि हसला! इतकं कोण बघतंय, म्हणाला, आणि गुपचूप दुसऱ्याकडून पट्टी काढून घेतली.

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये सगळे जमले. प्रेस थांबलेली होती. रावसर टेबलाखाली वाकले, केबल उपटली आणि कामगाराला प्रेस चालू करायला सांगितलं. काचेपलीकडे प्रेस धाडधाड आदळत होती आणि स्क्रीन ठणकावून सांगत होता, 'प्रेस बंद'. कारखान्याचा इंजिनीअर बराच वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, तुटल्याचं सांगणारं सॉफ्टवेअर असेल तरच इथे बसवा.

त्याच आठवड्यात रावसरांना काढलं. कारण काय, तर गिऱ्हाइकासमोर गैरवर्तन. निरोप नाही, चार शब्द नाहीत. कारखान्यात बसलं ते मात्र रावसरांनी हट्टानं करून घेतलेलंच सॉफ्टवेअर, लाल पट्टीसकट. आणि ऑफिसात केक कापला मॅनेजरनं! 'माझ्या दूरदृष्टीमुळे' वगैरे भाषणही ठोकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच बाहेर आले आणि रावसरांना फोन लावला. मॅनेजरबद्दल मी तोंडाला येईल ते बोलले. एका ठिपक्यावरून ऑफिस डोक्यावर घेणारा हा माणूस शांतपणे ऐकत होता. मग त्यांनी एवढंच विचारलं, पट्टी आहे ना तिथे? मी हो म्हटलं.

"मग झालं मा. माणूस काढला, पट्टी ठेवली. उलटं केलं असतं तर मी ओरडलो असतो."

त्यांचं झालं असेल समाधान. माझं नाही झालं. मी आत गेले. मॅनेजर सगळ्यांना केक वाटत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे काम कोणाचं आहे, ते तुम्ही सांगताय की मी सांगू?"