फुटपट्टीकाकांचा समुद्र

फुटपट्टीकाका कुणाकडेही गेले की आधी भिंतीकडे बघत. कॅलेंडर तिरकं दिसलं तर ते सरळ करूनच "केम छो, मजेत ना?" विचारत. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नसावं. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं पुलांचे नि फलाटांचे नकाशे काढलेला हा माणूस. आपली रेघ केसभरही हलत नाही याचा त्यांना भारी तोरा होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी काय मनावर घ्यावं, तर तैलरंगात समुद्र रंगवायचं! कारण घरातच होतं. काकू हर्णैजवळच्या. लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा "इथे सगळं आहे, समुद्र तेवढा नाही" म्हणाल्या आणि पुढे पस्तीस वर्षं म्हणत राहिल्या. "जन्मभरात एवढं एकच मागितलं हिनं," काका मला म्हणाले. "तिला ओळखू येईल असा समुद्र देणार. तू शिकव." मी शेजारची, चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. इम्प्रेशनिस्टांचं वेड नुकतंच लागलेलं, त्यामुळे एका पायावर तयार झाले.

शिकवणं म्हणजे शुद्ध डोकेफोड होती. "समुद्राला कडा नसते काका, रंगाचे फटकारे शेजारी शेजारी ठेवा, काळा तर बाहेरच काढू नका," असं मी सांगे. ते मान डोलवत आणि माझी पाठ वळली की टी-स्क्वेअरची लांब पट्टी लावून क्षितिज आखत. लाटासुद्धा कंपासनं, सारख्या अंतरावर.

पहिलं चित्र काकूंनी नीट न्याहाळलं. "सुरसागर छान काढलाय," त्या म्हणाल्या. गावाच्या मधोमध, चहूकडून कठडा घातलेलं ते तळं! काकांचा चेहरा पडला. पुढच्या चित्रांनाही शेरा तोच. खोटं कौतुक काकूंना जमत नसे, आणि काकांना ते चाललंही नसतं. सहाव्यानंतर म्हणाले, "आता एकच. तेही तळंच झालं, तर रंग तुला देऊन टाकतो."

मग आम्ही दोघं गाडीनं वलसाडला आणि तिथून जवळच्या तिथल गावच्या किनाऱ्यावर गेलो. टी-स्क्वेअर मी मुद्दाम घरी ठेवला होता. "गुरू आहेस की वैरी?" काका भडकले. पाणी कुठवर चढतं हे आम्हा बडोदेकरांना कुठलं माहीत! त्यांनी ओल्या वाळूत ईझल रोवलं, आणि पेन्सिलीला टोक करेपर्यंत लाट पायांवरून गेलीसुद्धा. पेन्सिल राहिली बाजूला. पाणी एक पाऊल पुढे, आम्ही एक पाऊल मागे, आणि काका जाड ब्रशनं राखाडी, मातकट, मध्येच पिवळा असे सपासप मारत होते. रंगात वाळू बसली, ती काढायलाही सवड नव्हती. अर्ध्या तासात चित्र संपलं.

परतताना ओला कॅनव्हास ते बडोद्यापर्यंत दोन्ही हातांत धरून बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, "काका, आ शुं छे?"

"दरियो छे," काका म्हणाले. "भीनो छे, अडता नहीं." समुद्र ओला आहे, हात लावू नका!

घरी काकूंनी चित्राला नाक लावून पाहिलं. "हे काय, रंग सांडले वाटतं?"

काका मटकन खाली बसले. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. "काकू, लांबून बघा ना," मी कसंबसं म्हटलं. "आमटी उतू जातेय," म्हणत त्या आत निघाल्या, स्वयंपाकघराच्या दारात वळल्या आणि तिथेच थांबल्या. आमटी खरोखरच उतू गेली. त्यांना पत्ता नव्हता.

"भरती आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम, "अहो, मागे सरा, पाय भिजतील!"

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पुढे पुष्कळ प्रदर्शनं पाहिली, स्वतःचीही भरवली; पण एवढा जिंकलेला चित्रकार पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी काका ताडकन उठले, गॅलरीत गेले आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडले, "सांभळो, ऐका हो, मारे घेर दरियो आव्यो!"