पिंपळपानाची कमान

लोणावळ्यात ज्या ऑफिसात मी डिझायनर म्हणून काम करते, तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'आपली संस्कृती' हवी असते. कशावर हवी, ते मात्र विचारू नये. बंगल्याच्या फाटकावर, चिक्कीच्या खोक्यावर, रिसॉर्टमधल्या शौचालयांच्या दारांवर. बायकांचं कुठलं आणि पुरुषांचं कुठलं हे कळावं म्हणून आजवर मी किती वारली माणसं काढली असतील, देव जाणे. आता मी देव मानत नाही, पण बोलण्यातून तो जात नाही. वारली मुळात इथले नाहीत. इथल्या डोंगरवाड्यांवरच्या बायका लग्नघराच्या भिंतीवर काय काढतात, हे मला एका गिऱ्हाइकानेही कधी विचारलेलं नाही. एकाशी मी तसं बोलून पाहिलं, तर तो म्हणाला, "मॅडम, कल्चरल अवेअरनेस आम्हालाही आहे हो, पण पाहुण्यांना बघताक्षणी ओळखू आलं पाहिजे ना." मी मुकाट्याने हातात हात घेऊन नाचणारी माणसं काढली.

मग फॅशन बदलली आणि आमच्या लेण्यांची पाळी आली.

कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी आमच्या उशाला. चैत्याच्या तोंडावरची ती मोठी कमान सगळ्यांनी फोटोत तरी पाहिलेली असते: वर टोक निघालेलं, खाली पाय किंचित आत वळलेले, पिंपळाच्या पानासारखी. कुणा आर्किटेक्टने ती एका रिसॉर्टच्या दाराला लावली आणि पुढे गोवराची साथ यावी तशी ती सगळीकडे उठली. प्लायवूडची, फायबरची, खालून निळे दिवे सोडलेली. बारवर कमान, पोहण्याच्या तलावावर कमान, मसाजच्या खोलीवर कमान आणि आत टेबलावर बुद्धाचं नुसतं डोकं, मानेखाली काही नाही. 'पीसफुल वाटतं' म्हणे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! ती कामं आमच्या ऑफिसची नव्हती. पण आली असती तर मालकांनी नाही म्हटलं नसतं, आणि पगार मलाही लागतोच.

आमचं घर आजोबांच्या काळात, छप्पन सालच्या धर्मांतरात बौद्ध झालं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासत त्यांची उमर गेली. आता निवृत्त होऊन लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या अलीकडे आमच्या वस्तीत राहतात आणि सकाळ-संध्याकाळ विहार झाडतात. विहार म्हणजे एक लांबट खोली. तिच्यापुढे रस्त्याच्या तोंडाशी पक्की कमान बांधायचं वस्तीने ठरवलं, तेव्हा आबा माझ्याकडे आले. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"लेण्यातली कमान हितं आन," ते म्हणाले.

"कशाला आबा? सगळ्या रिसॉर्टना तीच आहे."

"त्यांची असू दे. पोरी, आपल्याला वाडवडलांचं काय मिळालं? शेत न्हाई. वतन व्हतं ते लाजेचं, ते सोडलं. ह्यो डोंगर तेवढा आपल्या बुद्धासाठी कुनी कोरून ठिवलाय. मी मरायच्या आदी त्या कमानीखालनं विहारात जायचंय मला."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासमोरच डोळे पुसले. दिवसभर लोकांना त्यांची नसलेली संस्कृती काढून देणारी मी, आणि हा एक माणूस स्वतःची मागत होता.

मी भाज्याला गेले. तिथल्या चैत्याचं तोंड उघडं आहे, त्यामुळे कमान अंगावर आल्यासारखी दिसते. सकाळभर पायरीवर बसून मी ती काढली. रिसॉर्टवाले एकतर पाय सरळ सोडतात, नाहीतर इतके आत घेतात की घोड्याची नालच होते. मी ते बरोबर घेतले. टोकाचा उभार बेताचा ठेवला. दिवे नाहीत, रंग नाही, नुसता दगडी करडा. फरक कुणालाही दिसेल, अशी माझी खात्री होती.

आमच्याकडे कुठलंही पक्कं काम आधी प्लायवूडचं करून सणाला उभं करतात. वस्तीने ते बघायचं, त्याखालून ये-जा करायची, नावं ठेवायची, आणि मगच सिमेंट कालवायचं. त्याप्रमाणे बुद्धपौर्णिमेला माझी कमान उभी राहिली. यंदा पौर्णिमा रविवारी आली होती. मे महिना, सुट्ट्या, रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रीघ. सकाळी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली. आबांनी पांढरी पँट, पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री मी केली होती. येणाऱ्या प्रत्येकाला फूल द्यायला ते कमानीखाली उभे राहिले, हातात मोगऱ्याचं ताट. मान जरा वर करून ते सारखे कमानीकडे बघत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आईबरोबरच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते असे दिसत नाहीत.

आत वंदना सुरू झाली होती आणि एक मोठी गाडी रस्त्यावरून वळून सरळ कमानीशी येऊन थांबली. मी दारातच होते. दोन जोडपी उतरली, टोप्या, गॉगल, चाकांच्या बॅगा. एकीने आबांच्या ताटातलं फूल उचललं, हुंगलं आणि म्हणाली, "हाऊ स्वीट!" गाडी चालवणाऱ्या तरुणाने किल्ली आबांच्या हातावर ठेवली.

"अंकल, गाडी सावलीत लावा हां. आणि चेक-इन कुठंय?"

आबा एका हातात ताट, दुसऱ्यात किल्ली, असे उभे राहिले. फुलं सांडू नयेत म्हणून त्यांनी ताट पोटाशी धरलं होतं.

मी धावत गेले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण माझा आवाज आतपर्यंत गेला आणि वंदना थांबली एवढं खरं. ती माणसं वाईट नव्हती. तो तरुण पार ओशाळला, दहा वेळा सॉरी म्हणाला, फोन काढून त्याने मला फोटो दाखवला. वर घाटाच्या अंगाला असलेल्या रिसॉर्टचं फाटक. कमान, आणि खाली पांढऱ्या कपड्यांत फुलांचं ताट घेऊन उभा असलेला माणूस. "सेम आहे ना मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा."

मी फोटोकडे बघितलं. पाय आत जास्त घेतले होते. टोक चुकलं होतं. पण हे मी त्याला कशाच्या बळावर सांगणार? सेमच होती.

आबांनी किल्ली परत दिली आणि त्याला रिसॉर्टचा रस्ताही दाखवला. "म्होरं जा, मग डाव्या अंगाला." गाडी गेली. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. खीर वाटली तेव्हाही तोच विषय होता. आबांनी खीर घेतली नाही.

पुढच्या रविवारी विहारात बैठक झाली. शेजारच्या मावशींनी सुरुवात केली. "लय झ्याक काडलीया गं तू. पर हाटेलावानी दिसती."

"मावशी, हॉटेलवाल्यांनी आपली उचलली आहे."

"व्हय की. पर आता बगनाऱ्याला त्यांचीच वाटती."

वस्तीतला एक जण पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणाला, "ताई, लोक म्हणणार की यांनी रिसॉर्टची नक्कल केली. कुणाकुणाला समजावत बसायचं?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आणि त्यात चोर हजरसुद्धा नव्हता, त्याच्या वतीने आमचेच लोक बोंबलत होते. मी भांडले. लेणी किती जुनी, रिसॉर्ट किती जुनं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. पाटी लावू, म्हटलं. कमानीवर माहितीची पाटी! म्हणता म्हणता मलाच ते केविलवाणं वाटलं. ज्याला स्वतःच्या दारावर 'हे दार आमचं आहे' असं लिहावं लागतं, त्याचं दार तसंही गेलेलंच असतं. बैठकीत कुणी मला वाईट बोललं नाही. उलट सगळे फार सांभाळून बोलत होते, आणि त्यानेच मी जास्त खचले.

शेवटी सगळ्यांनी आबांकडे बघितलं. कमान त्यांनीच मागितली होती. ते भिंतीला टेकून बसले होते.

"स्लॅबची करा," आबा म्हणाले. "सरळ. गावात सगळ्यांची असती तशी."

"आबा, तुमी म्हनाल तर ठिवू की हीच," मावशी म्हणाल्या.

"नगं."

मी त्यांना घरी जाताना विचारलं, का सोडलीत? ते म्हणाले, "त्या पोराचा राग न्हाई मला. मी सोता वर बगितलं ना त्या वक्ताला, तर मला बी हाटेलच दिसलं." ऑफिसात असतं तर दुसरा नमुना काढून दिला असता. त्यांच्यासाठी दुसरा नमुना कुठून आणायचा?

पाऊस लागायच्या आत कमान बांधून झाली. दोन चौकोनी खांब, वर आडवी पट्टी, पट्टीवर स्टीलची अक्षरं. अक्षरं मीच आखून दिली, चांगली ठसठशीत आली आहेत. अशा कमानी घोरावाडीपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्याही गावात दिसतात, त्यांत कुणाला काही खटकत नाही. फीत कापायला वस्तीने आबांनाच पुढे केलं. त्यांनी तीच पांढरी पँट, तोच शर्ट घातला होता. टाळ्या झाल्या, फोटो झाले, मुलं खांबांभोवती पळाली. माणसं पांगल्यावर आबा कमानीखालून आत गेले, पुन्हा बाहेर आले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत उभे राहिले. एकही गाडी थांबली नाही, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता कुनी चुकून आत येनार न्हाई."

मी व्हय म्हणाले.