हळदीकुंकवाची वही आणि खोटे पेशंट

मुलगी घरूनच काम करते. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत तिचं टेबल खिडकीपाशी आहे. मागे ती एका दवाखान्यासाठी पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवत होती. ते नीट चालतं का हे पाहायला खोटे पेशंट लागतात. खोटं नाव, खोटा पत्ता, खोटा आजार, प्रत्येकाची वेगळी मेथड असते, म्हणजे मागाल ते खोटं आपोआप बनवून देणारी तयार आज्ञा. अशा शेकडो मेथड, कुणाला पाठ नसतात. त्या शोधायला तिने एक प्रोग्राम ठेवलाय. काळ्या स्क्रीनवर ‘अ‍ॅड्रेस’ टाइप केलं की पत्ते देणाऱ्या मेथड खाली येतात, सोबत नमुनाही.

मी चौथी शिकलेली. तिच्या कामात बोलत नाही, चहा ठेवते आणि मागे फिरते. त्या दिवशी स्क्रीनवर मराठी अक्षरं दिसली म्हणून वाचत उभी राहिले. आमच्या समोरच्या दारातल्या बाईचं नाव, तिचाच खोली नंबर आणि पुढे टीबी.

“हिला टीबी कधी झाला गो?”

मुलगी हसली. “अगं, आजार खोटा आहे. मेथडने दिलाय.”

“आणि नाव?”

ती म्हणाली, मेथडमधून चाळीचे पत्ते मिळतच नाहीत. म्हणून हळदीकुंकवाला बोलवायच्या बायकांची माझी जी वही आहे, तिचे फोटो काढून तिने त्यातली नावं आणि पत्ते आत घातले होते. माझ्या ओळखीच्या बायका. कुणाला मधुमेह, कुणाला गर्भपात.

“काढ ते.”

“आई, उद्या ऑफिसात काम दाखवायचंय. बिघडलं तर पर्मनंट करणार नाहीत, वाट लागेल माझी. तिथे कोण ओळखतंय यांना?”

“दवाखाना इथलाच ना?”

समोरचीच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. टीबीचा शब्द बाहेर पडला तर खरं-खोटं कोण विचारणार? मी मुलीला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

स्टूल ओढून बसले. “नावं तुझी मेथड देऊ दे. पत्ते मी सांगते, लिही. विहिरीची चाळ, वरचा मजला, जिन्याशेजारची खोली.”

“अशी चाळ आहे?”

“आपल्याकडे तरी नाही. पुढचं घे. पिठाच्या गिरणीमागे, पत्र्याची खोली.”

“आई, तू काय झकास थापा मारतेस गं!”

संध्याकाळपर्यंत साठेक पत्ते झाले. कुकर तसाच राहिला. जुनी यादी पुसली, असं तिने सांगितलं. मला स्क्रीनवरून काय कळणार? मी वही उघडली आणि समोरचीचं नाव तिला शोधायला लावलं. मेथड शोधायच्या त्याच प्रोग्राममध्ये तिने घातलेल्या याद्याही शोधता येतात. उत्तर आलं, काही सापडलं नाही.

“आता हिच्या खालची.”

“सगळ्या? आई, प्लीज ना.”

“सगळ्या.”

कुरकुरत तिने एकेक नाव टाइप केलं. तिची नोकरी पक्की होणार की नाही, ते अजून कळायचंय. मी वहीत बोट ठेवून खाली खाली सरकत होते, आणि दर वेळी काही सापडलं नाही असंच येत होतं.