डावीकडे पाहणारी नवरी

समुद्रकिनाऱ्यावरची लग्नं टिपण्यात फोटोमास्तरांची निम्मी हयात गेली होती. त्यातही दुसऱ्या दिवशीचं काम त्यांच्या खास आवडीचं. लग्न पार पडलं, की नवरीला त्याच भरजरी पोशाखात लाटांमध्ये उतरवायचं, वाळूत लोळवायचं आणि खळखळून हसवायचं. नवरीला हसवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं ते चारचौघांत सांगत.

त्या दिवशी हॉटेल एक माणूस देणार होतं. ऊन चेहऱ्यावर परतवणारी मोठी चंदेरी तबकडी धरायला तो हवा होता. ऊन कलू लागलं तरी त्याचा पत्ता नाही. तेवढ्यात राखाडी सदऱ्यातला एक जण चपला हातात घेऊन, वाळू तुडवत आला. हॉटेलची माणसंही राखाडीच घालत. मास्तरांनी काही न विचारता तबकडी त्याच्या हातात कोंबली.

"किती उशीर! धरा. माझ्या डावीकडे उभे राहा आणि फोटोत येऊ नका."

तो गोंधळला, मग हसून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याला पाहताच नवरी जी हसत सुटली, ती थांबेना. त्याच्याकडे धावायला निघाली, तर मास्तर म्हणाले, "तिथेच थांबा ताई, तबकडी हलेल." तिला वाटलं, दोघांनी मिळून गंमत ठरवलेली आहे. मास्तरांना वाटलं, आज आपला हात काही औरच चालतोय.

दीड तासाने नवरा-नवरी कपडे बदलायला गेली. त्या माणसाने तबकडी पुसून परत दिली आणि संकोचत विचारलं, "नवरीबरोबर माझा एक काढाल का? लगेच बस आहे माझी."

"स्टाफचे शेवटी," मास्तर बॅग आवरत म्हणाले. "आता उजेड गेला."

त्याने घड्याळ पाहिलं आणि तो निघून गेला.

तीन आठवड्यांनी नवरी फोटो निवडायला स्टुडिओत आली. सगळे पाहून झाल्यावर म्हणाली, "दादाचा कुठेय? लग्नाला सुट्टी मिळाली नाही त्याला. दुसऱ्या दिवशी गोदामातली पाळी संपवून कामाच्या कपड्यांतच धावत आला होता. तुमची तबकडी धरली, तोच. म्हणाला, मी लाटेत होते तेव्हा तुम्ही आमचा दोघांचा काढलाय."

मास्तरांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तोंडातून निघालं ते भलतंच, "कॅमेऱ्याचं एक कार्ड बिघडलं हो, ताई. त्यातच होता."

ती हिरमुसली. "असू दे," म्हणून गेली.

अल्बम चिकटवणारी त्यांची बायको मान वर न करता म्हणाली, "कार्ड कधी बिघडलं? मला कोणी सांगितलं नाही."

मास्तर संगणकाकडे वळले. पडद्यावर नवरीचे फोटो एकेक करून पुढे सरकवू लागले. तिचे सगळ्यात छान हसरे चेहरे कॅमेऱ्याकडे नव्हतेच. सगळे जरा डावीकडे पाहत होते.

संध्याकाळी त्यांनी तिला फोन करून खरं ते सांगितलं.

"दादा खोटं का बोलला, ते आता कळलं," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून. माझी माफी नका मागू. त्याच्याकडे जा."

दुसऱ्या दिवशी मास्तर गोदामाच्या फाटकाशी उभे राहिले. बॅगेत ते डावीकडे पाहणारे एकतीस फोटो होते. आत निरोप गेला. दादा त्याच राखाडी सदऱ्यात, हात पुसत बाहेर आला. मास्तर पाठ केलेली वाक्यं विसरले. पाकीट पुढे करून ते एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला विचारलंच नाही, तुम्ही कोण ते."

दादाने फोटो उभ्या उभ्या पाहिले. शेवटच्या फोटोवर तो थबकला. मग हळूच विचारलं, "तबकडी नीट धरली होती ना मी? हात भरून आला होता शेवटी."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. त्यांना वर बघवेना.