लेबलांच्या टेबलावरच्या सहाजणी

सत्तरनंतरची गोष्ट. अंधेरीच्या एका औषध कारखान्यात मी तीन महिने रोज स्टॉपवॉच घेऊन बसत होते. मानसशास्त्रात एम.ए. झाले होते आणि पीएच.डी.चा विषय होता, ओळीनं काम करणाऱ्यांचा वेग कशानं कमीजास्त होतो. मला लेबलांचं टेबल मिळालं. सहा बायका शेजारी शेजारी बसायच्या आणि बाटली हातोहात पुढे जायची. पहिली पुसायची, दुसरी लेबलाला खळ लावायची, तिसरी ते चिकटवायची, बाकीच्या तपासून खोक्यात भरायच्या.

माझे आकडे काही जुळेनात. तिसरीचा हात सगळ्यांत मंद, तरी तिच्यापुढे बाटल्या साचतच नव्हत्या. नवव्या दिवशी उलगडलं. दुसरी खळ लावता लावता मधूनच एखादं लेबल स्वतः चिकटवत होती आणि बाटली तिसरीच्या कोपराखालून पुढे सरकवत होती. तोंडानं गप्पा चालूच.

माझी पेन्सिल थांबलेली तिनं पाहिली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला बोलावलं. वर्सोव्याची कोळीण, माझ्या आईच्या वयाची. डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी घालून माझ्यापुढे ठेवली.

"खा आधी. मग सांग, काय लिवलंस?"

"अजून काहीच नाही."

"हिला आताशा जवळचं दिसत नाय. लेबल तिरकं जातं. सायबाला कळलं तर घरी बसवील."

तिसरी मान खाली घालून भाकरी मोडत होती.

"मावशी, चष्मा का नाही करत?" मी तिला विचारलं.

"चष्मा घालून आले की कळलंच ना सगळ्यांना, हिचे डोळे गेले म्हणून."

एवढे दिवस हिच्या हाताचे सेकंद मोजले, पण हिच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी घाटकोपरला माझ्या गाइडच्या घरी गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे जरूर लिही," ते म्हणाले. "कारखाना कुठला, बाई कोण, काही कळता कामा नये. पण आधी तिचे डोळे तपासून आण. प्रबंध काही पळून जात नाही."

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आठवड्यानं चष्मा तयार झाला. तो घालून तिसरीनं आधी मैत्रिणीचा चेहरा जवळ ओढला.

"अगो, किती सुरकुतलीस तू!"

"तुझ्यापरीस कमीच!"

दोघी दुकानातच हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी ती चष्मा घालून कामावर आली. सुपरवायझर टेबलापाशी थांबले, "छान दिसतो," म्हणाले आणि निघून गेले. तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मलाही ऐकू आला.

माझी मात्र वाट लागली. तिसरीचा वेगच बदलल्यानं आधीची सगळी मोजणी फुकट गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण आता त्या बायका आपणहून सांगू लागल्या. कुणाचं मूल तापानं फणफणलंय, कुणी नवऱ्याशी भांडून आलीय. "आज माझं नको मोजू गं, कंबर धरलीय," असं एखादी हक्कानं बजावायची, आणि मी घड्याळ पर्समध्ये टाकून त्यांच्यात बसायचे. माझ्या प्रबंधातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण त्या दिवसांचं आहे.