अंतिम रेषेकडे पाठ केलेला कॅमेरा

फोन आला तेव्हा मी चांदवडच्या एका कबड्डी संघाचं चित्रण जुळवत बसले होते. दिगूभाऊंच्या पत्नी मंगलवहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचे दिगूभाऊ गेले." चढाईच्या मध्येच थांबवलेला खेळाडू कितीतरी वेळ तसाच पडद्यावर राहिला... त्या फोनला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं म्हणतात. पण आमची बारा वर्षं भांडणातच गेली. नुसतं गोड लिहिलं तर दिगूभाऊंनाच पटायचं नाही.

मूळचे ते लग्नाचे कॅमेरामन, वणीपासून मालेगावपर्यंत मागणी असलेले. त्यांची एक खोड होती. अंतरपाट दूर झाला की सगळा मांडव नवरानवरीकडे बघतो, हे नेमके तेव्हाच कॅमेरा नवरीच्या आईकडे वळवायचे. "हार पुन्हा घालून घेता येतो मॅडम. आईचा चेहरा पुन्हा होत नाही." मी त्यांना खेळाडूंवरच्या माहितीपटांत ओढलं, तेव्हा ही खोडही सोबत आली. मोटरसायकलवर उलटं बसून, कॅमेरा धावणाऱ्याच्या गुडघ्याइतका खाली धरून ते चित्रण करत. जमीन जवळून सरकताना दिसली की वेग कळतो, हे मला त्यांनीच शिकवलं. धीम्या गतीचा मात्र भारी राग. "पोरगी जीव तोडून पळतेय आणि तुम्ही तिला पाण्यात पोहायला लावता!"

सुरगाण्याकडच्या हिरा नावाच्या धावपटूवर आम्ही वर्षभर फिल्म करत होतो. सगळी फिल्म एका शर्यतीवर उभी होती: दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या. कॅमेरा एकच, तो दिगूभाऊंच्या खांद्यावर. हिरा छातीभर अंतरानं पहिली आली. मी तर नाचलेच. संध्याकाळी चित्रण लावलं, तर शेवटच्या पन्नास मीटरला कॅमेरा गर्रकन वळलेला आणि पडद्यावर हिराची आई! अंतिम रेषा नाहीच.

"अहो, हे काय लग्न होतं का?" मी कडाडले.

"हात आपोआप वळला," ते मान खाली घालून म्हणाले.

त्यानंतर मी जे केलं, ते आज पहिल्यांदाच लिहिते आहे. चार दिवसांनी, त्यांना न सांगता, मी हिराला त्याच मैदानावर बोलावलं, तेच कपडे घालायला लावून पन्नास मीटर पळवलं आणि तो तुकडा फिल्मला जोडून टाकला. बेमालूम जमलंय, असं मला वाटलं. दिगूभाऊंनी तो एकदाच पाहिला. "सावली उलटी पडलीय. ती चालेल, कुणी बघत नाही. पण हिचा श्वास बघा. पंचवीस फेऱ्या पळालेली पोरगी असा श्वास घेते? तिची आई फसेल का याला?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांचा नव्हता, पकडली गेले याचा होता. मग मुकाट्यानं तो तुकडा काढला आणि त्यांनी टिपलेलं पहिल्यांदाच नीट पाहिलं. आईनं डोळे गच्च मिटले होते. आम्ही तेच ठेवलं, मध्ये एकही काप न देता: मिटलेले डोळे, पावलांचा आवाज, लोकांचा आरडाओरडा, मग भीत भीत उघडलेले डोळे... शर्यत कोण जिंकलं ते त्या डोळ्यांतच कळतं.

पाड्यावरच्या शाळेत फिल्म दाखवली तेव्हा हिराची आई माझा हात धरून म्हणाली, "मीबी तवा नाय बघली, बाय. लय भ्याव वाटत व्हतं." ती दिगूभाऊंच्या पाया पडायला निघाली, तर हा माणूस लाजून बाहेर पळाला.

शोकसभेसाठी वहिनींना त्यांचं थोडं चित्रण हवं होतं. माझ्याकडे एक सेकंदही निघालं नाही. जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस कुठून सापडणार? शोधता शोधता त्या शर्यतीचं मूळ चित्रण लावलं, आवाज न गाळलेलं. आईनं डोळे मिटले आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, घोगऱ्या, रडवेल्या आवाजात कुणीतरी म्हणत होतं, "पळ माझी बाय, पळ... पळ..."

चित्रण चालू असताना कॅमेरामननं मुकं राहायचं, असं मला बजावणारे दिगूभाऊ! आणि तो आवाज गोंगाट समजून मीच पुसून टाकला होता.

परवा तो मी फिल्ममध्ये परत जोडला. वहिनींनी तीनदा लावायला सांगितला.